पहिल्यांदा मैफलीला जाताना: नव्या श्रोत्यासाठी मार्गदर्शन

शास्त्रीय संगीताच्या मैफलीला प्रथमच जाणाऱ्याच्या मनात बहुधा एकच धास्ती असते: आपल्याला राग ओळखता येत नाही, ताल मोजता येत नाही, मग त्या जाणत्या मंडळींत आपण कसे बसावे? ही धास्ती अनाठायी आहे. शेजारच्या श्रोत्याला ज्यांचा त्रास होतो ते नेहमी नवखेच असतात असे नाही. पुष्कळदा ते बरेच जाणते असतात आणि आपली जाण शेजाऱ्याच्या कानाशी कुजबुजत राहतात. रागाचे नाव ठाऊक नसले तरी चांगला श्रोता होता येते. मात्र मैफल कुठे अगदी नाजूक असते आणि कुठे थोडी मोकळी होते, एवढे समजून घ्यावे लागते. बोलणे, उठणे, खोकणे, टाळ्या वाजवणे यांपैकी कशालाही मैफलीत सरसकट बंदी नाही, परंतु प्रत्येकाची एक जागा ठरलेली आहे. ती कशी ओळखावी, हे घरून निघण्यापासून भैरवीपर्यंतच्या, म्हणजे मैफलीच्या शेवटच्या गाण्यापर्यंतच्या, क्रमाने पुढे सांगितले आहे.

घरून निघण्यापूर्वी

कार्यक्रम सभागृहात आहे, मैदानावरच्या मांडवात आहे की कोणाच्या घरी, हे आधी पाहावे, कारण तयारी त्यावर अवलंबून असते. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, जो पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला, तो डिसेंबरात मांडवात होतो आणि तेथे खुर्च्यांबरोबर भारतीय बैठकही असते. सतरंजीवर तीन-चार तास मांडी घालून बसण्याची सवय नसेल तर पाठीला किंवा गुडघ्याला आधार देणारी छोटी उशी बरोबर घ्यावी, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी संकोच न करता खुर्चीचे तिकीट काढावे. हा सल्ला केवळ स्वतःच्या सोयीचा नाही. जो अवघडून बसतो तो दर थोड्या वेळाने हालतो, पाय बदलतो, मागे रेलतो, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर आजूबाजूच्या चार जणांचे लक्ष उडते. उघड्या मैदानावर रात्र चढते तशी थंडी वाढते, म्हणून शाल किंवा स्वेटर आधीच अंगावर असावे. ऐन आलापीत, म्हणजे रागाचा संथ स्वरविस्तार चालू असताना, पिशवीची चेन उघडून शाल शोधण्याची वेळ येऊ नये.

पिशवी कापडाची असावी, कारण प्लॅस्टिकची पिशवी नुसती मांडीवर ठेवली तरी वाजते. खोकल्याची शक्यता असेल तर खडीसाखर, लवंग किंवा ज्येष्ठमधाचा तुकडा साध्या डबीत न्यावा. कागदात गुंडाळलेल्या गोळ्या न्यायच्याच असतील तर कागद घरीच काढून ठेवावा. पुष्कळजणांचा असा समज असतो की गोळीचा कागद हळूहळू उलगडला की आवाज कमी होतो, पण त्यामुळे तो आवाज फक्त अधिक वेळ चालतो. दाट वासाचे अत्तर टाळावे, कारण बैठकीत माणसे एकमेकांच्या अगदी जवळ बसलेली असतात आणि शेजाऱ्याला जागा बदलण्याची सोय नसते.

मोबाईल बंद करणे ही सूचना सर्वांना पाठ आहे. तिच्यात एक भर घालतो: फोन ‘व्हायब्रेट’वर ठेवणे पुरेसे नसते. लाकडी खुर्चीवर किंवा जमिनीवर ठेवलेला फोन थरथरला की त्याची घरघर तीन रांगांपर्यंत ऐकू येते. घरी आजारी माणूस असल्यामुळे फोन चालू ठेवणे भाग असेल, तर तो अंगावरच्या खिशात असावा, त्याचा पडदा अगदी मंद केलेला असावा आणि जागा दाराजवळची घ्यावी.

दारापासून जागेपर्यंत

वेळेवर पोहोचण्याला येथे शिष्टाचारापलीकडचे एक कारण आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. वर्षातल्या काही मोजक्या दिवशीच राज्य सरकारच्या परवानगीने ही वेळ बारापर्यंत वाढते. पूर्वीच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलींत अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी बिघडत नसे. आता लोक स्थिरस्थावर होण्याची वाट पाहण्यात सुरुवातीची वीस मिनिटे गेली, तर ती शेवटच्या कलाकाराच्या गाण्यातून वजा होतात.

तरीही उशीर झालाच, तर दाराशी थांबावे. बंदिश (रागात बांधलेली रचना) किंवा राग संपून टाळ्या सुरू होतात तेव्हा आत शिरावे, बाजूच्या वाटेने वाकून चालावे आणि पहिली रिकामी जागा घ्यावी, मग ती तिकिटावरची नसली तरी चालेल. आपली जागा रांगेच्या मध्यभागी असेल तर मध्यंतरापर्यंत कडेलाच बसणे अधिक चांगले. ज्यांना लवकर निघायचे आहे किंवा ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे, त्यांनीही कडेची जागा निवडावी. मुलांना मैफलीला आणूच नये, या मताचा मी नाही; ऐकणारे कान लहानपणीच तयार होतात. पण मूल कुरकुरू लागले की त्याला तेथल्या तेथे दटावण्यापेक्षा लगेच बाहेर घेऊन जावे. मुलाच्या रडण्याइतकाच आईबापांच्या दटावण्याचाही आवाज होतो.

भारतीय बैठकीत पुढची जागा धरण्यासाठी सकाळीच चादर अंथरून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. आपल्याबरोबर येणाऱ्या एखाद्या वृद्धासाठी जागा धरणे समजण्यासारखे आहे. परंतु दहा जणांची जागा अडवून त्यातले सहाजण रात्री आठला येणे हे पहाटेपासून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसावर अन्याय करणारे आहे. बसल्यावर कलाकाराच्या दिशेने पाय पसरू नयेत. पाय आखडले तर ते एका बाजूला दुमडून घ्यावेत, नाहीतर थोडा वेळ मागे जाऊन उभे राहावे.

तानपुरे जुळत असताना

पडदा उघडल्यावर किंवा कलाकार मंचावर बसल्यावर पाच-सात मिनिटे वाद्ये जुळवण्यात जातात. नव्या श्रोत्याला हा वेळ कार्यक्रमापूर्वीचा, म्हणजे गप्पांसाठी मोकळा वाटतो. खरे तर त्या वेळी कलाकाराला श्रोत्यांच्या शांततेची सर्वाधिक गरज असते. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमात (प) किंवा रागानुसार मध्यमात (म) वा निषादात (नी), मधल्या दोन षड्जात (सा, म्हणजे गाण्याचा आधारस्वर) आणि शेवटची खर्जात (खालच्या सा मध्ये) लावतात, आणि जवारीवर (तारा टेकतात त्या घोडीवर) तारेखाली असलेला दोरा केसभर सरकवून प्रत्येक तारेचा झंकार खुलवतात. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, गार वाऱ्याने चढतात. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल पडते. म्हणून ग्रीनरूममध्ये अचूक लावलेली वाद्ये मंचावर पुन्हा लावावी लागतात, आणि ते काम केवळ कानांनी होते. समोर हजार माणसे बोलत असतील तर गायकाला आपला षड्ज शोधण्यासाठी झगडावे लागते, आणि तेथून सुरू झालेले गाणे बराच वेळ अस्वस्थ राहते. तानपुरा पहिल्यांदा वाजला की आपले बोलणे थांबवावे, एवढी एक सवय लावली तरी मैफलीचा निम्मा शिष्टाचार हाती आला.

विलंबिताची पहिली वीस मिनिटे

मैफल सर्वांत नाजूक असते ती येथे. बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतली मोठी रचना, सुरू होतो तेव्हा लय अतिशय संथ असते. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन (तालाची फेरी) पूर्ण व्हायला कधीकधी पाऊण मिनिट लागते. गायक एका स्वरावर थांबतो, त्याच्या आसपास फिरतो, पुन्हा षड्जावर येतो. वाद्यसंगीतात याहूनही अधिक शांत भाग असतो, कारण सतार किंवा सरोद यांच्या आलापात तबला नसतोच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अजून काही ‘सुरू’ झालेले नाही, आणि म्हणूनच नेमक्या याच वेळी लोक उठतात, बोलतात, फोन पाहतात. प्रत्यक्षात रागाचे चित्र याच वेळी उभे राहत असते आणि दोन स्वरांमधली शांतताही त्या चित्राचा भाग असते. त्या शांततेत कोणी घसा खाकरला तर गायकाने घेतलेली जागा (सुंदर स्वररचना) आपल्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ती परत मागता येत नाही.

नव्या श्रोत्याने या काळात काय करावे? काहीही ओळखण्याचा प्रयत्न न करता तानपुऱ्याकडे लक्ष द्यावे आणि गायक षड्जावर परत कधी येतो ते पाहावे. मग तबल्याचा ठेका ऐकत मुखडा (बंदिशीची परत परत येणारी सुरुवातीची ओळ) कुठे येतो आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठे पडते ते शोधावे. सम आली की आजूबाजूच्या श्रोत्यांच्या माना नकळत हलतात, त्यावरून ती सापडते. कंटाळा आला तर डोळे मिटून बसण्यात काही गैर नाही. डुलकी लागली तरी, घोरणे सोडता, तिने कोणाचे काही बिघडत नाही.

बरोबर आलेल्या मित्राला समजावून सांगण्याचा मोह मात्र आवरावा. ‘हा पूरिया, मारवा नव्हे’ हे वाक्य कितीही बरोबर असले तरी ते मध्यंतरात सांगावे. कोणता राग आहे हे जाणून घ्यायची फार उत्सुकता असेल तर मनात प्रश्न ठेवावा. बहुतेक वेळा निवेदक किंवा स्वतः कलाकार ते सांगतात. कुजबुज ही बोलण्याहून सौम्य असते असे आपण मानतो, पण ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखी व्यंजने कुजबुजीत अधिक धारदार होतात आणि शांत सभागृहात लांबवर जातात.

तालाबाबतही असेच आहे. चेन्नईच्या कर्नाटक संगीताच्या सभांमध्ये श्रोते मांडीवर उघडपणे ताल धरतात आणि तेथे ते शोभते. आपल्याकडे मात्र बोटांच्या पेरांवर मात्रा मोजाव्यात, खुर्चीच्या हातावर किंवा पायाने जमिनीवर ठेका धरू नये. आवडती बंदिश किंवा नाट्यपद सुरू झाले की गुणगुणण्याची ऊर्मी येते, विशेषतः आपल्या घरांत नाट्यसंगीत इतके रुजलेले आहे म्हणून. परंतु शेजारचा माणूस तिकीट काढून मंचावरचे गाणे ऐकायला आलेला असतो.

दाद कशी द्यावी

येथवर शांततेविषयी इतके सांगितल्यावर नवा श्रोता पुतळ्यासारखा बसून राहील, तर तेही मैफलीला पोषक नाही. हिंदुस्थानी संगीतातला कलाकार गाताना श्रोत्यांकडे पाहत असतो, आणि समोरून काहीच उमटले नाही तर पुढची जागा घेण्याचा त्याचा उत्साह मावळतो. दाद हा मैफलीचा भाग आहे. तिला वेळ आणि माप मात्र असते.

सहज सुटलेला ‘आहा’, समेवर हललेली मान, किंचित वर गेलेला हात, हळू आवाजातले ‘वा’ किंवा ‘क्या बात है’ ही दाद कलाकाराला पोहोचते आणि शेजाऱ्याला खुपत नाही. सम येऊन गेल्यावर, म्हणजे पुढचा स्वर लागण्यापूर्वीच्या छोट्या फटीत ती यावी. आपल्याला जागा ओळखता येत नसेल तर आधी गप्प राहून जाणत्या श्रोत्यांकडे लक्ष द्यावे, परंतु त्यांची नक्कल करू नये. शेजाऱ्याने ‘वा’ म्हटले म्हणून मागाहून म्हटलेले ‘वा’ पुढच्या स्वरावर आदळते. तसेच, मोठ्या आवाजात वारंवार दाद देणाऱ्या श्रोत्याकडे हळूहळू सभागृहाचे लक्ष वळू लागते, आणि मग दादेचा हेतूच उलटतो.

टाळ्यांचे तंत्र वेगळे आहे. राग संपल्यावर, विलंबितानंतर कलाकार थांबला तर तेव्हा, तबलजीने आपली बारी वाजवून तिहाईने (तीनदा वाजवलेल्या बोलांनी) समेवर आणल्यावर, किंवा द्रुत (जलद) तानांची अटीतटी समेवर सुटल्यावर टाळ्या येणे स्वाभाविक आहे. आलापात, तार षड्जावर लांबवलेल्या स्वराला पडणाऱ्या टाळ्या मात्र मला नेहमी खटकतात. तो स्वर किती वेळ टिकतो याची शर्यत नसते. टाळ्या पडल्या की गायकाला तो स्वर हवा तसा उतरवून संपवताच येत नाही. साथीदारांनाही दाद द्यावी. संवादिनी (हार्मोनियम) वाजवणाऱ्याने गायकाची ओळ सुंदर रीतीने परतवली तर त्याच्याकडे पाहून दिलेली छोटी पावतीही त्याला पुरते.

फर्माईश हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. बडा ख्याल संपतो न संपतो तोच मागून ‘अभंग!’, ‘नाट्यपद!’ अशा आरोळ्या सुरू होतात. अभंग ऐकण्याची इच्छा रास्त आहे, परंतु कलाकाराने किती वेळात काय मांडायचे याचा आराखडा मनाशी केलेला असतो आणि पहिल्या रागाचा परिणाम अजून त्याच्यावरून व श्रोत्यांवरून उतरलेला नसतो. फर्माईश करायचीच असेल तर मध्यंतरात आयोजकांकडे चिठ्ठी द्यावी, तीही एकच, आणि ती मान्य झाली नाही तर नाराजी बोलून दाखवू नये. रागाला वेळ असते हेही लक्षात ठेवावे; संध्याकाळच्या मैफलीत सकाळचा राग तोडी मागण्यात कलाकाराची अडचण होते.

पडद्याचा उजेड

अंधाऱ्या सभागृहात वर धरलेला एक फोन मागच्या चार-पाच रांगांना दिसतो आणि डोळे मंचाऐवजी त्या उजेडाकडे ओढले जातात. आठवण म्हणून एखादे छायाचित्र हवे असेल तर कलाकार मंचावर येताना किंवा शेवटी अभिवादन करताना, फ्लॅश बंद ठेवून काढावे. संपूर्ण गाणे ध्वनिमुद्रित करणे आणि समाजमाध्यमांवर टाकणे ही त्यापुढची गोष्ट आहे: आपल्या प्रताधिकार कायद्याने सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क मान्य केलेला आहे, त्यामुळे परवानगीवाचून गाणे प्रसारित करणे हा नुसता असभ्यपणा राहत नाही. शिवाय कलाकार मैफलीत धोका पत्करतो, एखादी अवघड जागा घेऊन पाहतो, ती कधी साधत नाही. प्रत्येक चूक कायमची नोंदली जाणार आहे असे दिसले की तो ठरलेल्या वाटेनेच चालतो. त्यात तोटा श्रोत्यांचा होतो.

मध्येच उठावे लागले तर

माणसाला उठावे लागते. वय, औषधे, मधुमेह, घरून आलेला निरोप, कारणे अनेक असतात आणि त्यांबद्दल कोणीही कोणाकडे रागाने पाहू नये. फक्त वेळ निवडता येत असेल तर निवडावी. सर्वांत योग्य वेळ दोन रागांच्या मधली, त्याखालोखाल विलंबित संपून द्रुत सुरू होतानाची. द्रुतात तबल्याचा आवाज भरलेला असतो, तेव्हा थोडी हालचाल झाकली जाते. आलापात मुळीच झाकली जात नाही. सभागृहातल्या घडीच्या खुर्चीवरून उठताना बैठक हाताने धरून हळू वर जाऊ द्यावी, नाहीतर ती खाडकन आपटते. परत आल्यावर आपल्या जागेचा हट्ट न धरता मागे बसावे.

शेजाऱ्याला सांगण्याची वेळ आली तर

दरबारात आणि घरगुती बैठकीत श्रोते यजमानाच्या ओळखीचे असत, त्यामुळे मर्यादा सांभाळण्याचे काम यजमानाच्या नजरेने होत असे. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर यांनी तिकीट लावून जाहीर जलसे करण्याची प्रथा रूढ केली आणि गाणे सर्वांसाठी खुले झाले. त्या मोठ्या उपकाराबरोबर एक जबाबदारीही आली: अनोळखी माणसांनी एकमेकांना सांभाळून घेण्याची.

शेजारी बोलत असतील तर आधी थोडे थांबावे, कारण बरेचदा बोलणे आपोआप संपते. नाहीच संपले तर मोठ्याने ‘शूऽऽ’ करू नये. तो आवाज त्यांच्या बोलण्याहून अधिक दूर जातो आणि त्यांना सर्वांसमोर ओशाळवाणे करतो. त्यांच्याकडे वळून, नजरेला नजर मिळाल्यावर, हात जोडावेत, किंवा ओठांवर बोट न ठेवता नुसते मंचाकडे खुणावावे. बोलावेच लागले तर समेनंतरच्या फटीत, थोडक्यात बोलावे: ‘काका, जरा ऐकू येत नाहीये,’ किंवा ‘ताई, मध्यंतरात बोलूया का?’ दोष देणारे वाक्य टाळून आपली अडचण सांगितली की माणसे बहुधा समजून घेतात. एखाद्या वृद्ध श्रोत्याचे श्रवणयंत्र शिटी देत असेल तर ते त्यांना स्वतःला ऐकू येत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी कानाकडे हळूच बोट दाखवून सांगावे. आणि आपल्याला कोणी खुणावले तर ‘मी कुठे बोललो’ असे स्पष्टीकरण न देता मान हलवून थांबावे. वाद वाढेल असे दिसले तर स्वयंसेवकाला मध्यंतरात सांगणे बरे.

भैरवी आणि त्यानंतर

मैफलीची सांगता परंपरेने भैरवीने होते, आणि भैरवी सुरू झाली की गाडी काढण्यासाठी उठणाऱ्यांची रीघ लागते. शेवटची लोकल किंवा बस चुकणार असेल तर भैरवीपूर्वीच्या टाळ्यांत निघावे, त्यात गैर काही नाही. पण एकदा भैरवीचे स्वर लागल्यावर बसलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. दोन-तीन तास आपला घाम आणि श्वास खर्च केलेल्या कलाकाराला त्या वेळी समोर लोकांच्या पाठी दिसू नयेत. गाणे संपल्यावर टाळ्यांनाही क्षणभर थांबू द्यावे. तानपुरे अजून वाजत असतात.

कलाकाराला भेटण्याची इच्छा असेल तर आयोजकांना विचारून ग्रीनरूमकडे जावे आणि साथीदारांनाही नमस्कार करावा. गाऊन आलेला माणूस थकलेला असतो, घसा तापलेला असतो, कधीकधी तो उपाशीही असतो. म्हणून भेट दोन वाक्यांत संपवावी. सेल्फी आधी विचारूनच काढावी. मैफलीच्या वेळी मनात राखून ठेवलेला प्रश्न येथे विचारायला हरकत नाही, अगदी ‘मधला तो राग कोणता होता?’ इतका साधा असला तरी. असा प्रश्न विचारणारा नवा श्रोता कलाकारांना आवडतो, आणि उत्तरात रागाच्या नावाबरोबर तो आणखी कोठे, कोणाचा ऐकावा हेही बहुधा सांगितले जाते. ते तेथल्या तेथे लिहून घ्यावे.